किडनी बंद पडतेय, हे कळायचं कुणाला?

कल्पना करा, तुमच्यासमोर एकाच पेशंटचे दोन लॅब रिपोर्ट आहेत. पेशंट म्हणजे सत्तरीच्या, अंगाने बारीक अशा एक आजी, न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या. पहिल्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन ०.६. दुसऱ्या दिवशी १.१. दोन्ही आकडे लॅबने छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेत बसतात. त्यामुळे कागदावर ना लाल खूण, ना बाण. रात्रपाळी संपवत आलेला रेसिडेंट डॉक्टर रिपोर्ट बघतो, केस पेपरला लावतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो.

आता तेच आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. एका दिवसात आकडा जवळपास दुप्पट झालाय. आजच्या व्याख्येनुसार आजींना ‘अक्यूट किडनी इंज्युरी’ झालेली आहे. यापुढे आपण तिला एकेआय म्हणू. त्यांना चालू असलेलं पेनकिलर आजच थांबवायला हवं, सलाईन आणि लघवीचा हिशेब आजपासून ठेवायला हवा. पण कागद ‘नॉर्मल’ म्हणतोय, म्हणून काहीच होत नाही.

या आजाराचा इतिहास साधारणपणे डायलिसिसच्या यंत्राची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी गोष्ट ओळखण्याची आहे: किडनी बंद पडतेय हे कुणाला, कधी आणि कशावरून कळतं, आणि कळल्यावर पुढे काही करणं हे कुणाचं काम असतं. तुम्ही कुठल्याही विषयात संशोधन करणार असाल, तरी ही दुसरी अर्धी गोष्ट वाचण्यासारखी आहे. ‘माहीत असणं’ आणि ‘घडणं’ यांच्यामधलं अंतर किती मोठं असू शकतं, ते तिच्यात फार स्वच्छ दिसतं.

ढिगाऱ्याखालून वाचलेले, आठवड्यात गेलेले

सुरुवात लंडनपासून करू. १९४०च्या सप्टेंबरपासून जर्मन विमानं शहरावर बॉम्ब टाकत होती. घरं कोसळायची आणि माणसं तासन्‌तास ढिगाऱ्याखाली अडकायची. बाहेर काढलेल्यांपैकी काहींची तब्येत आधी बरी वाटायची. मग दबलेला हात किंवा पाय सुजायचा, रक्तदाब घसरायचा, लघवी गडद रंगाची आणि थोडी थोडी व्हायला लागायची. जखम जीवघेणी नसतानाही माणूस साधारण आठवडाभरात दगावायचा.

हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधले एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी असे चार पेशंट बारकाईने अभ्यासले आणि मार्च १९४१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर लेख लिहिला. चिरडलेल्या स्नायूंमधून बाहेर पडलेली द्रव्यं किडनीपर्यंत पोचतात आणि तिथल्या सूक्ष्म नलिकांची हानी होते, हे चित्र त्यातून आणि पुढच्या कामातून उभं राहिलं.

संशोधकाच्या नजरेने इथे एक गोष्ट टिपून ठेवा. हे निरीक्षण पहिल्यांदाच झालं नव्हतं. पहिल्या महायुद्धात मातीखाली गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या किडन्यांमधले बदल सेइगो मिनामी या जपानी डॉक्टरांनी १९२३मध्ये एका जर्मन नियतकालिकात नोंदवले होते. म्हणजे ज्ञान छापील स्वरूपात होतं, पण हॉस्पिटलच्या रोजच्या कामात ते उतरलेलं नव्हतं. ‘शोध कुणी लावला’ हा प्रश्न आपण फार आवडीने विचारतो. ‘तो शोध खाटेपर्यंत कधी पोचला’ हा प्रश्न मात्र क्वचित विचारतो.

यंत्राने विकत घेतलेला वेळ

त्याच काळात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन नावाच्या छोट्या गावी विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर एक यंत्र जोडत होता. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपाभोवती गुंडाळली. पेशंटचं रक्त त्या नळीतून फिरायचं, पिंप मिठाच्या द्रावणात फिरत राहायचं आणि रक्तातली घाण सेलोफेनमधून द्रावणात उतरायची.

१९४३पासून कोल्फने एकामागून एक पेशंटवर हे करून पाहिलं. पहिल्या सोळांमध्ये यशाची खात्री देता येईल असं काही हाती लागलं नाही. सप्टेंबर १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत आली आणि डायलिसिसनंतर शुद्धीवर आली. ती नाझींना साथ दिल्याच्या आरोपाखाली कैदेत होती. त्यानंतर ती काही वर्षं जगली.

तीच का वाचली? यंत्र तेच होतं, पण तिचा किडनीचा आजार अचानक उद्भवलेला होता. जुनाट आजारात किडनी हळूहळू कायमची झिजते. अचानक झालेल्या इजेत मात्र अनेकदा ती सावरू शकते, तोपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे एवढंच. डायलिसिस किडनी बरी करत नाही, ते वेळ विकत घेतं. हा मुद्दा मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोरियाच्या युद्धात याची मोठी परीक्षा झाली. १९५२मध्ये अमेरिकी सैन्याने वोन्जू इथे पॉल टेशान यांच्या नेतृत्वाखाली किडनी केंद्र सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात जखमेनंतर किडन्या बंद पडलेल्या सैनिकांपैकी सुमारे ९० टक्के दगावत. कोरियात हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

पुढे व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरमुळे जखमी सैनिक लवकर हॉस्पिटलात पोचू लागले, रक्त आणि सलाईन वेळेत मिळू लागलं. त्यामुळे किडनी बंद पडण्याच्या घटनाच कमी झाल्या. ज्यांची बंद पडली त्यांच्यातला मृत्युदर मात्र कोरियापेक्षा खाली आला नाही. म्हणजे यंत्राने एकदा मोठी झेप दिली, त्यानंतरचा फायदा यंत्राची गरजच पडू नये यासाठी केलेल्या धावपळीतून आला.

कारण बाटलीत होतं

आता मुंबईत येऊ, कारण ‘ओळखणं’ या शब्दाचा आणखी एक पदर इथल्या एका प्रकरणात उलगडतो. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात काही पेशंटना मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन दिलं जात होतं. त्यांच्यातल्या काहींच्या किडन्या अचानक बंद पडल्या. १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं.

हेच रसायन १९३७मध्ये अमेरिकेत एका औषधी द्रावणात वापरलं गेलं होतं आणि शंभराहून अधिक माणसं मेली होती. त्यातूनच १९३८चा तिथला कडक औषध कायदा आला. म्हणजे पन्नास वर्षांनंतरही धोका पाठ्यपुस्तकात होता आणि बाटली वॉर्डात.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. प्रश्न एका खाटेपुरता राहिला नाही. औषध खरेदी कशी झाली, तपासणी कुणी केली, परवाने कसे दिले गेले, इथपर्यंत तो गेला. एका पेशंटची किडनी बंद पडली तर डॉक्टर त्याच्या शरीरात कारण शोधतो. एकाच प्रकारचं औषध घेतलेल्या अनेकांची बंद पडली, तर कारण शरीराबाहेर, भांडारात आहे. पण हे दिसायला कुणीतरी सगळे केस पेपर एकत्र ठेवून बघावे लागतात. ऑक्टोबर २०२२मध्ये गांबियातल्या लहान मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला, तेव्हा पुन्हा हेच रसायन चर्चेत आलं. जुनी प्रकरणं संपलेली नसतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको.

‘निकामी’पासून ‘इजे’पर्यंत

या सगळ्या काळात आजाराचं नाव होतं ‘अक्यूट रीनल फेल्युअर’. होमर स्मिथ यांच्या १९५१च्या ग्रंथापासून ते रुळलं. नावातच अडचण होती. फेल्युअर म्हणजे निकामी होणं, शेवटचा टप्पा. पण किती बिघडलं म्हणजे निकामी? कुणी म्हणे क्रिएटिनिन अमुक झालं की, कुणी म्हणे लघवी थांबली की, कुणी म्हणे डायलिसिस लागलं की. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधनात तीसहून जास्त व्याख्या वापरात होत्या. त्यामुळे एका हॉस्पिटलचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवताच येत नव्हता.

इथे क्रिएटिनिनबद्दल थोडं सांगायला हवं. ते स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. मॅक्स याफे यांनी १८८६मध्ये दाखवलेल्या रंगाच्या रासायनिक क्रियेवर आधारलेली पद्धत आजही अनेक लॅब वापरतात. चाचणी स्वस्त आहे, सगळीकडे होते. पण तिच्यात दोन खोडी आहेत. किडनीचं काम एकदम घटलं, तरी क्रिएटिनिन साचायला वेळ लागतो, म्हणून आकडा उशिरा बोलतो. आणि ज्याचे स्नायू कमी त्याचा मूळ आकडाच कमी, म्हणून आपल्या आजींचं १.१ निरोगी पैलवानाच्या १.१ सारखं नसतं. आकडा किती आहे यापेक्षा तो आधी किती होता, हे महत्त्वाचं.

२००२मध्ये इटलीतल्या विचेन्झा इथे तज्ज्ञ एकत्र बसले आणि २००४मध्ये ‘रायफल’ नावाची श्रेणीबद्ध व्याख्या प्रसिद्ध झाली. २००५मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठ रुग्णालयातल्या नऊ हजारांहून अधिक पेशंटच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात क्रिएटिनिन ०.५ किंवा त्याहून जास्त वाढलेल्यांमध्ये, वय आणि इतर आजारांचा हिशेब धरूनही, मृत्यूचा धोका साडेसहा पटींच्या घरात दिसला. ‘किरकोळ वाढ’ किरकोळ नव्हती. २००७मध्ये उंबरठा आणखी खाली, ४८ तासांत ०.३ वर आला आणि नाव बदलून ‘इंज्युरी’, म्हणजे इजा, असं झालं.

२०१२च्या ‘केडिगो’ मार्गदर्शक तत्त्वांनी हे सगळं एकत्र केलं: ४८ तासांत ०.३ची वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट, किंवा सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी. साठ किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलिलिटरही लघवी झाली नाही, तर सावध व्हायचं. हे ओळखायला लॅबही लागत नाही. मोजमापाचं भांडं, चार्ट आणि तो भरणाऱ्या सिस्टर लागतात.

पन्नास टक्के

व्याख्या ठरली म्हणून काळजी सुधारली का? इंग्लंडमध्ये रुग्णालयातल्या मृत्यूंची गोपनीय छाननी करणारी ‘एनसीईपीओडी’ नावाची व्यवस्था आहे. एकेआयने हॉस्पिटलात दगावलेल्यांचे केस पेपर तिने तपासले आणि २००९मध्ये अहवाल दिला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा: या पेशंटपैकी फक्त निम्म्यांची काळजी ‘चांगली’ म्हणावी अशी होती. ज्यांना दाखल झाल्यानंतर एकेआय झाला, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांमध्ये तो ओळखायला समर्थनीय नाही इतका उशीर झाला होता. अशा पाचांतल्या एकाचा एकेआय आधी हेरता आणि टाळता आला असता.

यात यंत्राची टंचाई हा मुख्य मुद्दा नव्हता. साध्या गोष्टी राहून गेल्या होत्या: धोका कुणाला आहे याचा अंदाज, शरीरातल्या पाण्याचा हिशेब, वेळेवर रक्ततपासणी, ज्येष्ठ डॉक्टरांनी बघणं.

यावर उपाय म्हणून २०१४मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने सर्व हॉस्पिटलांच्या लॅबना एकच गणिती सूत्र बसवायला सांगितलं. नवा क्रिएटिनिन आला की संगणक तो जुन्या आकड्यांशी ताडून बघणार आणि वाढ दिसली तर ‘एकेआय’ असा इशारा देणार. आपल्या आजींचा कागद आता गप्प बसला नसता.

इशारा दिला, पुढे काय?

इथून गोष्ट खरी रंगते. इशारा दिला तर पेशंट वाचतील, हे इतकं उघड वाटतं की तपासायची गरजच काय? पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात ते तपासलं गेलं. सुमारे २,४०० पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाच्या डॉक्टरांना इशारा पाठवला, दुसऱ्याच्या नाही. २०१५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: काही फरक नाही.

त्याच मुख्य संशोधकांनी पुढे येल विद्यापीठाशी जोडलेल्या सहा हॉस्पिटलांत ६,०३० पेशंटवर सुधारित इशारा वापरून पाहिला. २०२१चा निकाल असा की आजार वाढणं, डायलिसिस किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण इशारा असलेल्या गटात २१.३ टक्के आणि नसलेल्या गटात २०.९ टक्के. वैद्यकीय शिक्षण न देणाऱ्या दोन हॉस्पिटलांत तर इशाऱ्याच्या गटात मृत्यू जास्त दिसले: १५.६ टक्के विरुद्ध ८.६ टक्के. असं का झालं, ते त्या चाचणीवरून खात्रीने सांगता येत नाही. पण ‘निरुपद्रवी वाटणारी सुधारणा’ही तपासूनच घ्यावी, एवढा धडा त्यातून नक्की मिळतो.

आता याच्या शेजारी इंग्लंडमधला पाच हॉस्पिटलांचा अभ्यास ठेवा, २०१९चा. तिथे इशारा एकटा नव्हता. त्याच्या जोडीला डॉक्टर-नर्सेसचं प्रशिक्षण होतं आणि ‘एकेआय दिसला की हे हे करा’ अशी ठरलेली कामांची यादी होती. एकेक हॉस्पिटल टप्प्याटप्प्याने या व्यवस्थेत आणलं गेलं. ३० दिवसांतला मृत्युदर बदलला नाही. पण एकेआय जास्त ओळखला जाऊ लागला आणि पेशंटचे हॉस्पिटलातले दिवस कमी झाले.

तिन्ही अभ्यास एकत्र वाचले की मला एक गोष्ट ठळक दिसते. ओळख म्हणजे फक्त माहिती नाही. रिपोर्टवर ‘एकेआय’ छापून आलं, तरी पेनकिलर कुणी बंद करायचं, मूत्रमार्गात अडथळा आहे का यासाठी सोनोग्राफी कुणी सांगायची, उद्या सकाळी क्रिएटिनिन पुन्हा कुणी बघायचं, हे ठरलेलं नसेल तर तो इशारा आणखी एक कागद होऊन बसतो. थोडा तरी बदल दिसला तो कामं वाटून दिली तिथे.

उपचारांच्या बाजूलाही असाच भ्रमनिरास झालेला आहे. डोपामिन कमी प्रमाणात दिलं की किडनी वाचते, अशी समजूत अतिदक्षता विभागांत अनेक वर्षं होती. २०००मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ३२८ पेशंटवरच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. डायलिसिस लवकर सुरू केलं तर बरं, असंही टेशान यांच्या काळापासून अनेकांना वाटत होतं. २०२०मध्ये १५ देशांतल्या सुमारे ३,००० पेशंटवरच्या चाचणीत घाईने सुरू केल्यामुळे ९० दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत. काम्पेनचा धडा आठवा: यंत्र वेळ विकत घेतं. किडनी आपली आपण सावरणार असेल, तर तो व्यवहार करायची गरजच नसते.

तुमच्यासाठी काय उरतं

हे सगळं वाचून ‘इंग्लंडचं सूत्र इथल्या हॉस्पिटलांत बसवू या’ असा प्रबंधाचा विषय सुचत असेल, तर जरा थांबा. ते सूत्र आधीच्या वर्षभरातले क्रिएटिनिनचे आकडे शोधतं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या शेतमजुराचं क्रिएटिनिन आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं जात असेल, तर ताडून बघायचं कशाशी?

शिवाय आपल्याकडे साप चावून, जुलाबाने, मलेरियाने किंवा पावसाळ्यातल्या लेप्टोने किडनी बंद पडलेला पेशंट अनेकदा दाखल होतानाच त्या अवस्थेत असतो. वॉर्डातला इशारा त्याच्यासाठी उशिराचा. त्याची ओळख प्राथमिक आरोग्य केंद्रात, ‘शेवटची लघवी कधी झाली?’ या प्रश्नाने व्हायला हवी.

आपल्याकडे सुधारणा झालीच नाही असं मात्र नाही. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. किरपालसिंग चुघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपातामुळे होणाऱ्या किडनीच्या इजेचं प्रमाण काही दशकांत खूप घटलं, हे त्यांतून दिसलं. त्यामागे नवं यंत्र नव्हतं. १९७१च्या कायद्याने गर्भपात सुरक्षितपणे करता येऊ लागला आणि प्रसूतीची सेवा सुधारली. सुधारणेचा धागा किडनी विभागाच्या बाहेर होता, आणि तो दिसला तो कुणीतरी कंटाळा न करता रजिस्टर भरत राहिलं म्हणून.

तेव्हा विषय निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारून बघा. मी जे मोजतोय ते आजार आहे, की आजाराची उशिरा पडलेली सावली? क्रिएटिनिन वाढलेले जास्त मरतात म्हणजे ती वाढच त्यांना मारते, की ती फक्त जास्त आजारी माणूस दाखवून देते? आणि माझं उत्तर मिळाल्यावर, उद्या सकाळी कुणाच्या कामात काय बदलेल?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या माणसाचं काम डोळ्यांसमोर येत नसेल, म्हणजे वॉर्डातली सिस्टर, लॅबचा टेक्निशियन, औषध भांडाराचा कारकून, कुणीच नाही, तर विषय अजून थोडा घडवायला हवा. मिनामींचा लेख १९२३मध्ये छापून आला होता. लंडनमधली माणसं १९४१मध्ये तरीही मेली. मधली अठरा वर्षं नेमकी कुठे अडकली होती, हा प्रश्न मला आजही कुठल्याही नव्या शोधापेक्षा मोठा वाटतो. तुमच्यापैकी कुणी तो आपल्या जिल्ह्यापुरता जरी धरला, तरी एका प्रबंधाचं काम त्यात नक्की आहे.